उजेडाची बाजू

१

रफू करणारी माणसं उजेड डावीकडून घेतात. सुई उजव्या हातात असते, त्या हाताची सावली कापडावर पडली की धागा हरवतो, म्हणून खिडकी नेहमी डाव्या हाताला. हे मला आईने शिकवलं. आमच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी जी खुर्ची आहे तिच्यात आधी आई बसायची, आता मी बसते. आई समोरच्या भिंतीलगतच्या पलंगावर असते.

झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा उरला. "सरक."

असं होतं म्हणे. सगळे शब्द पुसले जातात आणि एखादाच कुठेतरी अडकून राहतो. कुणाचं देवाचं नाव राहतं, कुणाची शिवी राहते. आमच्या आईचा "सरक" राहिला. पाणी हवं असेल तरी सरक, उशी टोचत असेल तरी सरक, बरं वाटत असेल तरी सरक. सूर मात्र निरनिराळा. मी सुरावरून ओळखायला शिकले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दर रविवारी येतो आणि दारातूनच ओरडतो, "काय मातोश्री, जेवण झालं का?"

"सरक," आई म्हणते.

"बघ. राजघराण्यातली बाई. पहिला शब्दच हा."

मग आई हसते, म्हणजे अर्ध्या तोंडाने हसते, आणि दादा मुद्दाम तिच्या पलंगावर तिला चिकटून बसतो.

दिवस असे चालले होते. लोक कोट आणतात, स्वेटर आणतात, कुणी सिगारेटने भोक पाडलेली नवी पँट बायकोपासून लपवून आणतो. मी शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडातून धागे ओढून काढते आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे विणत जाते. धागा त्याच कापडाचा हवा. दुकानातला कितीही जुळता आणला तरी उन्हात वेगळा दिसतोच.

त्या दिवसांत मी चहा सांडायला लागले. टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेला कप हाताचा धक्का लागून पडायचा. दारातून येताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं. मग एका रविवारी, दादाच्या डोळ्यांदेखत, मी गरम पाण्याचं भांडं आईच्या पायांवर पाडलं. भांडं स्टुलावर होतं. मला तिथे नुसतं स्टूल दिसलं होतं.

आईचा पाय लाल झाला. मी रडत रडत गार पाणी घालत होते, दादा धावपळ करत होता, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आई पायाकडे बघत नाहीये. माझ्याकडेही नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे, जिथे कुणीच नव्हतं, तिथे बघून ती म्हणाली, "सरक."

हा सूर माझ्या ओळखीचा नव्हता.

२

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या, आणि घाई नसलेल्या. त्यांनी मला एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. मला वाटलं मी छान केलं. एकही सोडला नाही असं वाटलं.

त्यांनी कागद पुढे ठेवला. डावीकडे काळा डाग होता. दोन्ही डोळ्यांच्या कागदांवर, त्याच जागी.

"पण मला तर काळं काहीच दिसत नाही," मी म्हटलं. "तिकडे भिंत दिसते. नीट, स्वच्छ."

"दिसणारच. मेंदू भोक ठेवत नाही." त्यांनी एक कोरा कागद घेतला, डावीकडे फुली काढली, उजवीकडे ठिपका. "डावा डोळा झाका. उजव्याने फुलीकडेच बघायचं. आता कागद हळूहळू जवळ आणा."

मी आणला. एका अंतरावर ठिपका गेला. पुसला नाही की धूसर झाला नाही. तिथे कागद होता, पांढरा, कोरा.

"गेला!"

"गेला कुठे? आहे तिथेच आहे. प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा आंधळी असते, जिथून नस मागे जाते ती. तिथे काय आहे ते मेंदूला कळत नाही. मग तो आजूबाजूला काय आहे ते बघतो आणि तेच तिथे भरून टाकतो. आजूबाजूला कागद, म्हणून कागद."

"म्हणजे रफू," मी म्हटलं.

त्या खूश झाल्या. "अगदी. डोळा बिचारा नुसता उजेड गोळा करतो, आणि तोही उलटा, खालचं वर. बघण्याचं काम इथे चालतं." त्यांनी स्वतःच्या डोक्याच्या मागे, अंबाड्याच्या वर हात ठेवला. "आपण जे बघतो त्यातलं पुष्कळ बघितलेलं नसतंच. अंदाजाने विणलेलं असतं. पण अंदाज इतका चांगला असतो की जन्मभर पत्ता लागत नाही."

"आणि माझं हे भोक?"

"ते तेवढं साधं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. नसेमुळे असेल तर दोन डोळ्यांत सहसा असं हुबेहूब एकाच जागी येत नाही, मेंदूमुळे असेल तर फोटोत काहीतरी दिसायला हवं, असं त्यांनी सांगितलं. डोक्याचा फोटो काढून झाला. स्वच्छ होता. नसही छान होती. "कधीकधी कारण सापडत नाही," त्या म्हणाल्या. "लक्ष ठेवू. वाढलं तर मात्र सुईचं काम थांबवावं लागेल. आणि आई घरी असतात म्हणालात ना? त्यांच्याजवळ गरम काही नेताना मान पूर्ण डावीकडे वळवत जा."

मी मान हलवली. दारातून बाहेर पडताना खांदा चौकटीला लागला.

३

एक सांगते, सुरुवातीला मला गंमतच वाटली. पोटापाण्यासाठी आयुष्यभर मी जे करत आले तेच माझं डोकं माझ्यासाठी फुकट करत होतं. मी खुर्चीत बसून समोर आईकडे बघायची आणि डाव्या हाताने कप हळूहळू डावीकडे न्यायची. एका जागी कप जायचा आणि टेबल उरायचं. टेबलाच्या लाकडाच्या रेषासुद्धा न तुटता पुढे जायच्या. किती सफाईचं काम! मी पडद्यावर करून बघितलं, भिंतीवर करून बघितलं. कुठे सुरकुती नाही, गाठ नाही.

दादाला मात्र गंमत वाटली नाही.

"एकीला दिसत नाही, एकीला हलता येत नाही," तो म्हणाला. "आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट ऐकायला बरी असते गं. मी आईला घेऊन जातो. तुझ्या वहिनीशी बोललोय. खोली रिकामी आहे."

"वहिनीला आईचा 'सरक' कळणार आहे का?"

"तुला तरी कळतो?"

आईला अंघोळ मी घालते, तिचे केस मी विंचरते. सकाळी डोळे उघडले की ती आधी मला शोधते. ती गेली तर या खोलीत मी आणि लोकांचे कोट.

"पुढच्या रविवारी," दादा म्हणाला. आवाज खाली आणून म्हणाला, कारण तो वाईट नाही. "परवा पायावर पाणी पडलं. उद्या तोंडावर पडलं म्हणजे? तू स्वतःला माफ करशील का?"

आणि आई, जिच्याबद्दल हे चाललं होतं, ती पुन्हा माझ्या डाव्या खांद्याच्या बाहेर बघत होती. तिची बुबुळं हलली. खालून वर, सावकाश. बसलेलं कुणी उभं राहिलं की आपण बघतो, तशी.

"दादा, आई कुठे बघते?"

त्याने वळून बघितलं. "खिडकीकडे. आणखी कुठे बघणार? दिवसभर तुझंच तोंड?"

खिडकीकडे. बरोबर होतं. मीही तसंच मानलं. झटका आलेल्या माणसाची नजर कुठेही लागते.

४

ती नजर मी दोन दिवस मोडीत काढली. तिसऱ्या दिवशी एका करड्या कोटावर काम करत होते. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं, तेव्हाच बारीक काम उरकावं लागतं. कोपराजवळचं भोक होतं, मी अर्धं विणलं होतं, आणि मला धागा दिसेना.

ढग आला असेल म्हणून मी थांबले. ढग जाईना. मग मी बघितलं, टेबलावर ऊन होतं. कात्री चमकत होती, सुयांचा डबा चमकत होता. फक्त माझ्या हातातल्या कोटावर आणि माझ्या मनगटावर उजेड नव्हता. कडा नसलेली, मऊ अशी सावली. कोट समोर होता, तिथे माझ्या नजरेला भोक नाही. सावली खरी होती.

मी मान वळवून खिडकी बघितली. मधे काही नव्हतं. पण मान वळली की भोकही माझ्याबरोबर वळतं, आणि त्यात जे उभं असेल तेही त्याच्याबरोबर सरकत असेल तर मला ते कधीच दिसणार नव्हतं. म्हणून मधे काही नाही, याला काही अर्थ नव्हता. मी कोट पुढे सरकवला. सावली थोडी मागे राहिली, मग सावकाश पुढे आली. कुणी वाकून बघावं तशी.

आणि ऐकू येणंही बदललं होतं. खिडकीतून रस्ता ऐकू यायचा, सायकलच्या घंटा, शेजारच्या दुकानाचं शटर. उजव्या कानाला सगळं लख्ख होतं. डाव्या कानाशी ते जाड पडद्यातून यावं तसं दबून येत होतं. मी बोटाने कान साफ केला. काहीही करतो माणूस.

"सरक," आई म्हणाली.

या वेळी मला सूर कळला. म्हणजे आठवला.

लहानपणी आम्ही भावंडं आईच्या कामाभोवती घोटाळायचो. ती काय करते ते बघायला खिडकीपाशी, तिच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहायचो, आणि ती वर न बघता म्हणायची, "सरक. उजेड अडतो." रागाने नाही. लेकराला म्हणतात तसं. दिवसातून इतक्यांदा म्हणायची की आम्हाला तो शब्द ऐकू येईनासा झाला होता.

तोच शब्द तिच्याकडे उरला होता, आणि झटक्यानंतर आज पहिल्यांदाच मला त्यात त्याचा स्वतःचा अर्थ ऐकू आला. ती मला सरकायला सांगत नव्हती.

५

मी उठून पळाले नाही. आई पलंगावर होती. तिला सोडून कुठे जाणार?

मी स्वतःशी सरळ विचार करायचा प्रयत्न केला. डोळ्याने काम होत नसेल तर दुसरं काय आहे? आमच्या धंद्यात चांगलं रफू डोळ्याला दिसतच नाही. गिऱ्हाईक कोट उन्हात धरतं, उलटासुलटा करतं, आणि भोक कुठे होतं ते विचारतं. पण बोटाला ते लागतं. डोळे मिटून बोटाची मागची बाजू कापडावरून नेली की जिथे वीण दुसऱ्या हाताची आहे तिथे बोट अडतं. आईने मला असंच शिकवलं, डोळे बांधून.

मी कोट खाली ठेवला. डोळे मिटले. डावा हात उचलला आणि हवेतून, बोटांची पाठ पुढे करून, हळूहळू बाहेर नेला. खिडकीची चौकट लागेल असं धरून चालले होते.

चौकटीच्या बऱ्याच आधी कापड लागलं.

जुनं कापड. पुष्कळ धुवून धुवून मऊ झालेलं, उन्हाने कोमट. मी हात काढून घेतला नाही. घेता आला नाही असं म्हणायला हवं. बोटाखाली ते स्थिर होतं, आणि मग माझ्या हातावर किंचित, अगदी किंचित, भार आला. मांजर अंग टेकतं ना, आपण हाकलणार नाही अशी खात्री झाल्यावर, तसा.

तेव्हा मी हात घेतला. डोळे उघडले तर डावीकडे पडदा, चौकट, भिंत, सगळं जागच्या जागी.

आई रडत होती. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. तिने माझी आणि त्याची, ते जे होतं त्याची, भेट बघितली होती. मला भीती वाटत होती. पण आईच्या तोंडावर भीती नव्हती. दारात आलेल्या परक्या पोराकडे बघावं तसं तिचं तोंड झालं होतं. जणू ती म्हणत होती, बिचारं आहे, आणि तरी माझ्या मुलीच्या उजेडात उभं आहे.

मग तिने जे केलं ते तिला करता येत नव्हतं. तिने डाव्या हाताने पलंगाची कड धरली, दात आवळले आणि स्वतःचं मेलेलं अंग इंच इंच ओढत भिंतीकडे नेलं. धाप लागली तरी थांबली नाही. पलंगाची पुढची बाजू रिकामी झाली. तिथे गादीवर तिने हात थोपटला.

"सरक," ती म्हणाली. इकडे सरक.

"आई, नको," मी म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझ्या डाव्या गालावर ऊन आलं. इतके दिवस ते येत नव्हतं हे मला ते आल्यावर कळलं.

६

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या काचेला तडा गेलेला होता. कधी गेला कोण जाणे. चौकटीवर कोळ्याचं जाळं, पडद्याच्या कडेचा धागा सुटलेला, भिंतीवर ओल धरून पिवळा पट्टा उतरलेला. माझं डोकं मला जी सुंदर भिंत दाखवत होतं तिच्याखाली ही खरी भिंत होती. मी त्या ओलीकडे बघून रडले, एवढी ती मला आवडली. रस्ता दोन्ही कानांनी ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा यंत्रात बसवलं. कागदावर डाग नव्हता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि मोकळेपणाने हसल्या. "मला कारण विचारू नका. पण चांगली बातमी चांगलीच असते."

मी घरी आले ती जवळजवळ नाचत. आता दादाला दाखवता येणार होतं. आता आई राहणार होती. मी चमचाभर दूध घेऊन पलंगाच्या पुढच्या कडेशी वाकले.

आईने तोंड उघडलं नाही. चमचा तिच्या ओठांपाशी होता आणि ती तो नाहीच असं समोर बघत होती. दूध ओठाला लागल्यावर दचकली. मी चमचा भिंतीच्या बाजूने नेला, तेव्हा लगेच हसली, तोंड उघडलं.

मी माझा हात तिच्यापुढे धरला आणि हळूहळू कडेकडे नेला. एका जागी तिची नजर माझा हात सोडून समोर गेली. शांत, समाधानी. तिला तिथे गादी दिसत असणार. स्वच्छ, सारखी केलेली गादी.

मला मात्र आता तिकडचं सगळं दिसत होतं. रिकाम्या बाजूला गादी दबलेली होती.

"आई, काय केलंस हे?"

आईने माझा गाल थोपटला. एवढंच.

त्यानंतरचे दिवस मी खुर्चीत बसले, काम लख्ख दिसत होतं, आणि एकही टाका सरळ पडला नाही. आई कमी खाऊ लागली. डोळे मिटून पडायची ती तासन्‌तास. मी पलंगाजवळ गेले की दिसायचं, तिच्यावर, फक्त तिच्यावर, उन्हाची तिरीप येत नसे. उशीच्या अर्ध्या भागावर यायची आणि तिथे थांबायची. तिचे हात गार असायचे. त्याला डोळ्यांतल्या भोकाएवढी जागा पुरत होती की आणखी काही लागत होतं, मला कळत नव्हतं. माझं वय ते झेपण्याचं होतं. तिचं नव्हतं.

तिने सगळं ठरवलेलं होतं, हे मला शनिवारी समजलं. मी सहज म्हटलं, "दादा उद्या येईल. त्याला सांगू, मी बरी झाले, आई कुठे जाणार नाही." तर ती मान जोरजोरात हलवायला लागली. नाही, नाही. डाव्या हाताने दार दाखवलं. स्वतःकडे दाखवलं, पुन्हा दार. तिला जायचं होतं. या खिडकीपासून, माझ्यापासून, जेवढं लांब नेता येईल तेवढं लांब. आणि ती एकटी जाणार नव्हती.

७

आईला यायचंय, एवढंच मी आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं. रविवारी दादा चाकांची खुर्ची घेऊन आला. मी त्याला डॉक्टरीणबाईंचे कागद दाखवले. तो खूश झाला, माझ्या डोक्यावर टपली मारली, मग म्हणाला, "तरी पण. थोडे दिवस येऊ दे तिला. हवापालट. बघ कशी तयार होऊन बसलीय, नवरी मुलगीसुद्धा एवढी उत्सुक नसते."

आई खरंच तयार होती. पिशवी तिने मांडीवर घेतली होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि ती हसत होती.

"चला मातोश्री." दादाने वाकून तिला दोन्ही हातांवर उचललं आणि थबकला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या. "अगं, काय खायला घालतेस हिला? वाळल्यासारखी दिसते आणि वजन दोघींचं!"

मी मागे उभी होते. त्याच्या खांद्यावरून मला आईची पाठ दिसत होती. तिने पातळ सुती झगा घातला होता. कापड ओढलं गेलं की सुरकुत्या एका जागी धावतात, आणि त्या जागेवरून किती जोराने, कुणीकडून, कशाने ओढलंय ते मला वाचता येतं. माझं सगळं आयुष्य त्यात गेलंय. आईच्या पाठीवरच्या सुरकुत्या खांद्याखाली एका लहानशा जागी जमत होत्या. मुठीएवढ्या जागी. मूठ मोठी नव्हती. आणि ती घाबरलेली होती. कुणी पडू नये म्हणून धरतं तसं धरलेलं होतं.

दादा दाराकडे वळला. आईचं डोकं त्याच्या खांद्यावर मागे लवंडलं.

"दादा, तिला खाली ठेव."

"अगं पण—"

"ठेव. पलंगावर ठेव. आई कुठेही जात नाही."

"काल फोनवर तूच म्हणालीस तिला यायचंय. आणि तुझे डोळे पुन्हा बिघडले तर?"

"माझ्या डोळ्यांचं मी बघते."

मी आयुष्यात त्याच्याशी या आवाजात बोलले नव्हते. त्याने आईला पलंगावर ठेवलं, खुर्चीची चाकं उगाच पायाने ढकलली आणि "मी चहा टाकतो," असं म्हणून आत गेला. कपबश्यांचा आवाज यायला लागला.

मी पलंगाच्या पुढच्या कडेला बसले. आईच्या आणि त्या दबलेल्या जागेच्या मधे, जेवढी जागा होती तेवढीत. आईला कळलं. तिने डाव्या हाताने मला ढकललं. हातात जोर नव्हता, पण ती ढकलत राहिली. "सरक," ती म्हणाली. "सरक. सरक." आता ती मलाच म्हणत होती. तिचा आवाज फाटला.

"नाही," मी म्हटलं. "तू झोप."

मी तिचा हात धरला. माझा दुसरा हात गादीवर, डाव्या बाजूला, तळवा वर करून ठेवला. मला फार भीती वाटत होती. मी समोर आईच्या तोंडाकडे बघत राहिले. आतून दादाने साखर कुठे आहे ते विचारलं, मी सांगितलं. आईच्या गालावर रंग आला. तिच्या उशीच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर ऊन चढलं, मग कपाळावर, आणि तिने डोळे बारीक केले.

मग माझ्या डाव्या बाहीचं कापड हळूच ओढलं गेलं.

मी हात हलवला नाही.